एंडोमेट्रिओसिस : संशोधनाच्या बातम्या आणि तुमच्या हातातला निर्णय

पाळीच्या दुखण्याबद्दल काही लिहिलं की वाचकांची पत्रं येतात. अलीकडे त्या पत्रांत काही नवे प्रश्न सारखे दिसू लागले आहेत. ‘एंडोमेट्रिओसिसमागचं एन्झाइम सापडलंय असं वाचलं. नवं औषध येईपर्यंत थांबू का?’ ‘लाळेवरून निदान होतं म्हणे, ती तपासणी पुण्यात कुठे होते?’ ‘केमिस्टने सूज उतरायला एन्झाइमच्या गोळ्या दिल्यात. त्यांनी चॉकलेट सिस्ट विरघळेल का?’ विचारणाऱ्यांत बारावीतल्या मुलीची आई असते, मूल राहत नाही म्हणून दवाखान्यांच्या पायऱ्या चढणारी तरुणी असते, आणि ‘गर्भपिशवी काढून टाका, कटकट मिटेल’ हा सल्ला ऐकून आलेली चाळिशीतली बाईही असते.

नव्या औषधासाठी थांबू नका. संशोधनाची बातमी आणि डॉक्टरांची चिठ्ठी यांच्यामध्ये बरीच वर्षं जातात, आणि त्या काळात तुमचं दुखणं थांबून राहत नाही. आज हाताशी असलेल्या तपासण्या आणि उपचारांनी बहुतेक जणींना पुष्कळ आराम मिळू शकतो. तो कसा मिळवायचा आणि कुठे सही करण्याआधी थांबायचं, हे पुढे क्रमाने सांगते.

निर्णयापुरतं विज्ञान

गर्भाशयाच्या आतल्या अस्तराला एंडोमेट्रियम म्हणतात. त्याच्यासारखीच पेशींची वाढ गर्भाशयाबाहेर झाली, म्हणजे अंडाशयावर, ओटीपोटाच्या आतल्या पडद्यावर, कधी आतड्यावर किंवा मूत्राशयावर, तर त्या आजाराला एंडोमेट्रिओसिस म्हणतात. अंडाशयात अशा वाढीची गाठ होऊन आत जुनं, काळपट रक्त साठलं की तीच ‘चॉकलेट सिस्ट’. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जननक्षम वयातल्या सुमारे १० टक्के, म्हणजे जवळपास १९ कोटी स्त्रिया आणि मुलींना हा आजार आहे. यातल्या कितीतरी जणींना त्याचं नावही ऐकायला मिळालेलं नसतं.

बातम्यांतलं ‘एन्झाइम’ म्हणजे बहुतेक वेळा अरोमाटेज. शरीरात इस्ट्रोजेन हे हॉर्मोन तयार करण्याचं शेवटच्या टप्प्यातलं काम ते करतं. निरोगी अस्तरात ते जवळजवळ नसतं. एंडोमेट्रिओसिसच्या पेशींत मात्र ते सापडतं, हे अमेरिकेतले संशोधक सर्दार बुलुन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात दाखवलं. म्हणजे या पेशी अंडाशयातून येणाऱ्या इस्ट्रोजेनवर वाढतात, आणि त्यात जागच्या जागी स्वतः तयार केलेल्या इस्ट्रोजेनची भर घालतात. त्या इस्ट्रोजेनमुळे कॉक्स-२ हे दुसरं एन्झाइम जास्त काम करू लागतं. ते प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं बनवतं. कळा, सूज आणि मळमळ यांना बऱ्याच अंशी हीच द्रव्यं जबाबदार असतात. प्रोस्टाग्लँडिन वाढलं की अरोमाटेज पुन्हा चेततं आणि हे रहाटगाडगं फिरत राहतं.

एवढं लक्षात ठेवलं तर औषधांची चिठ्ठी वाचता येते. वेदनाशामक गोळ्या प्रोस्टाग्लँडिनचं उत्पादन रोखतात. हॉर्मोनच्या गोळ्या इस्ट्रोजेनचा परिणाम किंवा पुरवठा कमी करतात. अरोमाटेज रोखणारी औषधं थेट त्या एन्झाइमवर काम करतात. ज्या ‘शोधाची’ तुम्ही वाट पाहताय, त्याचा काही भाग केमिस्टच्या दुकानात केव्हाच येऊन पोचला आहे.

संशय कधी घ्यावा

पाळीत थोडं दुखणं आणि पाळीने दिवसच वाया जाणं यांत फरक आहे. पुढचं काही महिनोन् महिने होत असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा :

- पाळीत शाळा, कॉलेज किंवा काम बुडतं; गोळी घेऊनही उठवत नाही.
- पाळी संपल्यावरही ओटीपोट किंवा कंबर दुखत राहते.
- शरीरसंबंधाच्या वेळी खोलवर दुखतं.
- पाळीच्या दिवसांत शौचाला किंवा लघवीला होताना कळ येते.
- वर्षभर प्रयत्न करूनही दिवस राहत नाहीत.
- आई किंवा बहिणीला हाच आजार होता, आणि तुम्हालाही पाळीचा त्रास आहे.

निदान व्हायला वेगवेगळ्या देशांत सरासरी चार ते बारा वर्षं लागतात. त्याला डॉक्टर जबाबदार आहेत आणि घरंही आहेत. ‘मलाही असंच व्हायचं’, ‘लग्न झालं की थांबेल’, ‘एक मूल झालं की सगळं सुरळीत होतं’ ही वाक्यं प्रेमापोटी बोलली जातात, पण त्यांनी मुलीची वर्षं जातात. गरोदरपणात पाळी बंद असल्यामुळे काही जणींना तात्पुरता आराम पडतो. तो आजारावरचा इलाज नव्हे, आणि दुखणं थांबावं म्हणून कोणीही लग्नाची किंवा बाळंतपणाची घाई करू नये.

डॉक्टरांकडे जाण्याआधी दोन-तीन पाळ्यांची नोंद ठेवा : पाळीची तारीख, दुखणं शून्य ते दहात किती, कोणती गोळी घेतली, तिने किती तास आराम पडला, काय करता आलं नाही. ‘खूप दुखतं’ असं सांगण्यापेक्षा ‘महिन्यातले चार दिवस मला उभं राहून स्वयंपाक करता येत नाही’ असं सांगा. डॉक्टरांच्या कागदावर हे वाक्य उतरलं की पुढच्या तपासणीचा रस्ता सोपा होतो.

तपासण्या : कोणती करावी, कोणत्या तपासणीवर विसंबू नये

सुरुवात सोनोग्राफीने होते. योनीमार्गातून केलेली सोनोग्राफी पोटावरून केलेल्या सोनोग्राफीपेक्षा जास्त दाखवते. अविवाहित मुलींच्या बाबतीत ती सहसा करत नाहीत. मग पोटावरून, गुदमार्गातून किंवा एमआरआय असे पर्याय असतात. यातला कोणता निवडायचा हे मुलीला समजावून, तिच्या होकारानेच ठरलं पाहिजे. तपासणी करणारे डॉक्टर पुरुष असतील तर सोबत एखादी स्त्री हजर असणं हा तुमचा हक्क आहे. संकोच न करता तो मागा.

सोनोग्राफीची चिठ्ठी घेताना एक विचारा : गर्भाशय आणि आतडं एकमेकांवरून सहज सरकतंय का, हे बघणार का? अवयव चिकटले आहेत का ते त्यावरून कळतं. घाईच्या सोनोग्राफीत हे राहून जातं.

आणि हे पक्कं लक्षात ठेवा : सोनोग्राफी नॉर्मल आली म्हणजे आजार नाही, असं सिद्ध होत नाही. पडद्यावरचे बारीक, वरवरचे ठिपके सोनोग्राफीत दिसत नाहीत. ‘रिपोर्ट चांगला आहे, मनाचे खेळ आहेत’ असं कोणी म्हटलं तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या.

‘सीए-१२५’ ही रक्ततपासणी आपल्याकडे फार लिहून दिली जाते. युरोपातल्या ‘एश्रे’ या संस्थेच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत एंडोमेट्रिओसिसच्या निदानासाठी ती वापरू नये असं स्पष्ट म्हटलं आहे. पाळीच्या दिवसांत, फायब्रॉइडमध्ये, गरोदरपणात, ओटीपोटाच्या जंतुसंसर्गात आणि क्षयरोगातही हा आकडा वाढतो. आकडा वाढलेला बघून कॅन्सरच्या भीतीने रात्र-रात्र जागणाऱ्या बायकांची पत्रं मी वाचली आहेत. कॅन्सरची शंका सोनोग्राफीतलं गाठीचं रूप, वय आणि इतर खुणा मिळून तपासली जाते, एकट्या आकड्यावरून नाही. एंडोमेट्रिओसिस असलेल्या स्त्रियांत अंडाशयाच्या कॅन्सरचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो, तरी प्रत्यक्षात तो फार थोड्या जणींना होतो.

आपल्या देशात गर्भाशयाच्या अस्तराचा क्षयही दिसतो. वंध्यत्व आणि ओटीपोटाचं दुखणं त्यातही असतं, म्हणून दोन्हींचा घोळ होतो. अस्तराच्या तुकड्याची एकच पीसीआर तपासणी पॉझिटिव्ह आली आणि लगेच सहा महिन्यांची क्षयाची औषधं लिहून दिली, असं झालं तर ‘आणखी कोणता पुरावा आहे?’ हे नक्की विचारा.

लॅपरोस्कोपी, म्हणजे पोटाला छोटी छिद्रं पाडून दुर्बिणीने पाहणं, ही पूर्वी निदानाची शेवटची कसोटी मानली जायची. आता तसं राहिलेलं नाही. लक्षणं जुळत असतील तर शस्त्रक्रियेशिवाय औषध सुरू करणं योग्य मानलं जातं. सोनोग्राफी आणि एमआरआयमध्ये काही सापडत नाही, औषधांनी गुण येत नाही किंवा औषधं घेता येत नाहीत, अशा वेळी लॅपरोस्कोपीचा विचार होतो. निव्वळ ‘बघायला’ म्हणून कोणी शस्त्रक्रिया सुचवत असेल तर कारण लिहून मागा.

औषधं : चिठ्ठी वाचायला शिका

वेदनाशामक. मेफेनॅमिक अ‍ॅसिड, आयब्युप्रोफेन, नॅप्रोक्सेन ही औषधं प्रोस्टाग्लँडिन बनण्याआधी घेतली तर जास्त चालतात. असह्य होईपर्यंत दात-ओठ खात बसायचं आणि मग गोळी घ्यायची, यात गोळीही वाया जाते. पाळीची चाहूल लागताच, जेवणानंतर, डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत घ्या. अल्सर, मूत्रपिंडाचा विकार किंवा दमा असेल तर आधी सांगा. भारतीय औषधकोश आयोगाने २०२३ च्या अखेरीस मेफेनॅमिक अ‍ॅसिडबद्दल सावधगिरीची सूचना काढली होती : क्वचित काही जणींना गोळी सुरू केल्यावर काही आठवड्यांनी ताप, अंगभर पुरळ, गाठी सुजणं अशी गंभीर प्रतिक्रिया येऊ शकते. असं झालं तर गोळी बंद करा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. दर महिन्याला पाकीट संपत असेल तर पुढच्या उपचाराची वेळ झाली आहे.

हॉर्मोन. यांच्याबद्दल सगळ्यात जास्त भीती असते, म्हणून थोडं सविस्तर.

- *डायनोजेस्ट*, रोज २ मिलिग्रॅम. प्रोजेस्टेरॉनसारखं काम करतं. पहिले काही महिने अधूनमधून डाग पडतात. औषध लागू पडत नाही असं समजून अनेक जणी तिथेच सोडतात. उदास वाटणं वाढलं तर मात्र लगेच सांगा. या मात्रेत ही गोळी गर्भनिरोधक म्हणून मान्य नाही, तेव्हा निरोध किंवा दुसरा उपाय वापरा.
- *संयुक्त गर्भनिरोधक गोळ्या*. स्वस्त आणि सहज मिळणाऱ्या. रक्ताच्या गुठळ्यांचा इतिहास, डोळ्यांपुढे चमकणाऱ्या रेषा येऊन होणारी अर्धशिशी, किंवा पस्तिशीनंतर धूम्रपान असेल तर घेऊ नयेत.
- *हॉर्मोनची तांबी*. ज्यांना रोज गोळी नको आणि मूल काही वर्षं नको, त्यांना सोयीची.
- *दर तीन महिन्यांचं इंजेक्शन*. सरकारी दवाखान्यांत ‘अंतरा’ नावाने गर्भनिरोधक म्हणून मोफत मिळतं. ते थांबवल्यावर दिवस राहायला वेळ लागू शकतो, आणि दीर्घकाळ घेतल्यास हाडांकडे लक्ष द्यावं लागतं.
- *जीएनआरएच गटातली इंजेक्शनं*. शरीर काही काळ रजोनिवृत्तीत नेतात. अंग तापतं, हाडं ठिसूळ होऊ शकतात. म्हणून ही दुसऱ्या पायरीवरची औषधं. लांबवायची असतील तर सोबत थोड्या मात्रेत संरक्षक हॉर्मोन द्यावं लागतं. ते दिलंय का, विचारा.
- *अरोमाटेज रोखणारी औषधं*, उदाहरणार्थ लेट्रोझोल. बाकी सगळं करूनही दुखणं हटत नाही अशांसाठी. गोळीच्या कागदावर स्तनाच्या कॅन्सरचा उल्लेख वाचून घाबरू नका. त्या आजारातही हेच एन्झाइम रोखायचं असतं. पाळी चालू असलेल्या वयात ती एकटी घेतली तर अंडाशय उलट जास्त चेतवलं जातं (म्हणूनच वंध्यत्वाच्या दवाखान्यात बीज तयार होण्यासाठी ती देतात). एंडोमेट्रिओसिसमध्ये तिच्या जोडीला दुसरं हॉर्मोन असावंच लागतं. मैत्रिणीच्या चिठ्ठीवरून ही गोळी कधीही घेऊ नका.

हॉर्मोन घेतल्याने पुढे मूल होत नाही, ही समजूत खोटी आहे. औषध चालू असेपर्यंत बहुतेक औषधांनी दिवस राहत नाहीत, एवढंच. ही औषधं आजार दाबून ठेवतात, मुळापासून काढत नाहीत, त्यामुळे थांबवल्यावर त्रास परतू शकतो, हेही खरं आहे. ‘केमिकल नको, नैसर्गिक हवं’ म्हणणाऱ्यांसाठी एक माहिती : अनेक स्टिरॉइड औषधांचा कच्चा माल सोयाबीनसारख्या वनस्पतींतल्या द्रव्यांवर जिवाणूंच्या एन्झाइमची प्रक्रिया करून मिळवला जातो. नैसर्गिक की कृत्रिम, या प्रश्नाने औषधाची निवड होत नाही. तुमचं वय, इतर आजार आणि मूल कधी हवं आहे, या तीन गोष्टींनी होते.

शस्त्रक्रिया : सहीच्या आधीचे प्रश्न

चॉकलेट सिस्ट आहे म्हणून ती काढलीच पाहिजे असं नाही. गाठीसोबत अंडाशयाचा थोडा निरोगी भागही जातो आणि बीजांचा साठा घटतो. मूल हवं असणाऱ्यांसाठी हे फार महत्त्वाचं आहे. नुसतं सुईने पाणी काढून घेतलं तर गाठ पुन्हा भरण्याची शक्यता मोठी असते. म्हणून विचारा :

1. माझं दुखणं, गाठीचा आकार आणि मूल, यांपैकी कोणत्या कारणासाठी ही शस्त्रक्रिया आहे?
2. आधी एएमएच तपासून बीजांचा साठा पाहिला का?
3. गाठ पूर्ण काढणार, जाळणार की नुसती रिकामी करणार?
4. आतड्यावर आजार निघाला तर काय करणार? आतड्याचा शल्यविशारद त्या दिवशी हजर असेल का?
5. नंतर आजार परतू नये म्हणून कोणतं हॉर्मोन, किती काळ?

पाचवा प्रश्न विसरू नका. लगेच मूल नको असेल तर शस्त्रक्रियेनंतर दीड-दोन वर्षं किंवा त्याहून जास्त काळ हॉर्मोन घेतल्याने त्रास परतण्याचं प्रमाण कमी होतं. आपल्याकडे शस्त्रक्रिया झाली की टाके काढून घरी पाठवतात आणि औषधाचा विषय तिथेच संपतो.

गर्भपिशवी काढण्याचा सल्ला मिळाला असेल तर आणखी थांबा. एंडोमेट्रिओसिस गर्भाशयाच्या बाहेर असतो. बाहेरची वाढ तशीच राहिली तर गर्भपिशवी काढूनही दुखणं राहू शकतं. अंडाशयंही काढली आणि वय पंचेचाळीसच्या आत असेल तर हाडं आणि हृदय यांची किंमत पुढची अनेक वर्षं मोजावी लागते. काही जणींना ही शस्त्रक्रिया खरोखर लागते, त्यांचं आयुष्य तिने सुसह्य होतं. पण तो शेवटच्या पायऱ्यांपैकी एक उपाय आहे. बीड जिल्ह्यात २०१९ मध्ये ऊसतोडणी कामगार स्त्रियांचं सर्वेक्षण झालं तेव्हा ८२,३०९ पैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. अंगावरून पांढरं जाणं, पोटदुखी, कॅन्सरची भीती आणि खाडा पडला की कापली जाणारी मजुरी, एवढ्या कारणांवर तरुण बायकांच्या गर्भपिशव्या गेल्या. अनावश्यक शस्त्रक्रिया रोखण्यासाठी केंद्राने आखलेल्या सूचना राज्यांनी तीन महिन्यांत लागू कराव्यात, असं सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये सांगितलं. तुम्ही कुठल्याही गावात असा, दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेतल्याशिवाय होकार देऊ नका.

संमतीच्या बाबतीत आपल्या देशातला एक महत्त्वाचा निकाल याच आजारातून आलेला आहे. १९९५ मध्ये ४४ वर्षांच्या एका अविवाहित बाईंनी दुर्बिणीच्या तपासणीसाठी संमती दिली होती. त्या बेशुद्ध असताना एंडोमेट्रिओसिस दिसला म्हणून बाहेर बसलेल्या आईची परवानगी घेऊन त्यांची गर्भपिशवी आणि अंडाशयं काढण्यात आली. १६ जानेवारी २००८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की तपासणीची संमती ही उपचाराची संमती नसते. जिवाला तातडीचा धोका नसेल तर सज्ञान रुग्ण शुद्धीवर येईपर्यंत थांबलं पाहिजे, नातेवाइकाची सही तिच्या संमतीची जागा घेऊ शकत नाही.

म्हणून संमतीपत्रावर कोऱ्या जागा ठेवून सही करू नका. ‘गर्भपिशवी आणि अंडाशय काढण्यास माझी संमती नाही, तसं आवश्यक वाटल्यास मला शुद्धीवर आल्यावर विचारावं’ हे वाक्य हाताने लिहा, मराठीत लिहिलं तरी चालतं. नवऱ्याची सही लागते असं सांगितलं गेलं तर लक्षात ठेवा, स्वतःच्या शरीरावरच्या शस्त्रक्रियेसाठी सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती पुरेशी असते.

मूल हवं असेल तर

या आजारात मूल होतच नाही असं नाही. अनेक जणींना उपचाराशिवाय दिवस राहतात. मात्र हॉर्मोनने अंडाशय दाबून ठेवल्याने पुढे गर्भधारणेची शक्यता वाढत नाही. ‘आधी सहा महिने इंजेक्शन, मग प्रयत्न’ असं सांगितलं तर कारण विचारा. पस्तिशी उलटली असेल तर सहा महिन्यांच्या प्रयत्नांनंतर तज्ज्ञांकडे जा. आयव्हीएफचा निर्णय झाला तर केंद्र अशा केंद्रांसाठीच्या २०२१ च्या कायद्याखाली नोंदणीकृत आहे का ते तपासा. कायद्याने स्त्रीसाठी २१ ते ५० आणि पुरुषासाठी २१ ते ५५ ही वयोमर्यादा आहे.

बातम्या आणि जाहिराती यांचं काय करायचं

*जिवाणूची बातमी.* जपानच्या नागोया विद्यापीठाने २०२३ मध्ये दाखवलं की एंडोमेट्रिओसिस असलेल्या ६४ टक्के स्त्रियांच्या अस्तरात फ्युसोबॅक्टेरियम हा जिवाणू होता, इतरांत १० टक्क्यांहून कमी. उंदरांत प्रतिजैविकांनी वाढ कमी झाली. अभ्यास लक्षवेधी आहे. पण स्त्रियांवर उपचार म्हणून ते सिद्ध व्हायचं आहे. या बातमीवरून मेट्रोनिडॅझोलसारख्या प्रतिजैविकाचा कोर्स स्वतःहून करू नका.

*लाळेची चाचणी.* फ्रान्समध्ये विकसित झालेली ही चाचणी लाळेतल्या १०९ मायक्रोआरएनएंचा ठसा बघते. निदान सोपं करण्याच्या दिशेने हे मोठं पाऊल आहे. इथे तुमचा पहिला उपचार ठरवायला तिची गरज नाही. लक्षणं, तपासणी आणि सोनोग्राफी यांवर तो ठरतो. परदेशी चाचणीच्या नावाने कोणी मोठी रक्कम मागत असेल तर ‘या निकालाने माझा उपचार बदलणार आहे का?’ एवढंच विचारा.

*एन्झाइमच्या गोळ्या.* सेरॅशिओपेप्टिडेज, ट्रिप्सिन-कायमोट्रिप्सिन, ब्रोमेलेन ही नावं आपल्याकडे दातदुखीपासून बाळंतपणापर्यंत सगळ्या सुजेवर लिहिली जातात. सेरॅशिओपेप्टिडेज हे रेशमाच्या अळीच्या आतड्यात सापडलेल्या जिवाणूपासून बनवतात. ते प्रथम जपानने बाजारात आणलं, आणि २०११ मध्ये तिथल्याच ताकेदा कंपनीने फेरचाचण्यांत परिणाम सिद्ध न झाल्याने बाजारातून काढून घेतलं. चॉकलेट सिस्ट या गोळ्यांनी विरघळते याला पुरावा नाही. अरोमाटेज हे तुमच्या पेशींमध्ये बनणारं एन्झाइम आहे आणि ते रोखायचं असतं. बाहेरून दुसरंच एन्झाइम गिळल्याने ते काम होत नाही. रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर या गोळ्यांनी रक्तस्रावाचा धोकाही वाढू शकतो.

संशोधनात भाग घ्यायचा असेल तर

मला मनापासून वाटतं की शक्य असेल त्यांनी भाग घ्यावा. २०२३ मध्ये या आजाराच्या जनुकांचा तोवरचा सगळ्यात मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला : ६०,६७४ रुग्ण, जनुकांच्या ४२ जागा. त्यातल्या स्त्रिया युरोपीय आणि पूर्व आशियाई वंशाच्या होत्या. आपल्या बायकांचं रक्त, अस्तर आणि अनुभव त्यात नाहीत. मुंबईत परळला आयसीएमआरची प्रजनन आणि बाल आरोग्य संशोधन संस्था आहे. भारतीय स्त्रियांमधल्या या आजाराची लक्षणं आणि जनुकं यांवर देशभरातल्या केंद्रांसोबत तिथून काम चालतं. मोठ्या शहरांतल्या वैद्यकीय महाविद्यालयांत तुम्हाला अशा अभ्यासाबद्दल विचारलं जाऊ शकतं.

विचारलं तर हे तपासा :

- औषधाची किंवा उपचाराची चाचणी असेल तर तिची नोंद सरकारी ‘सीटीआरआय’ यादीत आहे का? नोंदणी क्रमांक मागा; ही यादी कोणालाही मोफत पाहता येते.
- नीतिशास्त्र समितीची मंजुरी आहे का? समितीचा संपर्क तुम्हाला दिलेल्या कागदावर असलाच पाहिजे.
- कागद मराठीत, तुम्हाला समजेल अशा भाषेत आहे का? घरी नेऊन वाचायला वेळ दिला का? सही केलेली प्रत तुमच्याकडे राहते का?
- अभ्यासासाठी केलेल्या तपासण्यांचे किंवा औषधाचे पैसे तुमच्याकडून घेता येत नाहीत. नव्या औषधाच्या चाचणीत इजा झाली तर मोफत उपचार आणि नियमांनुसार भरपाई मिळते. औषधचाचण्यांच्या २०१९ च्या नियमांत हे आहे.
- कधीही, कारण न देता बाहेर पडता येतं. त्यामुळे नेहमीच्या उपचारात फरक पडता कामा नये. ‘भाग घेतला नाही तर शस्त्रक्रियेचा नंबर मागे जाईल’ असं कोणी सुचवलं तर नीतिशास्त्र समितीला कळवा.

कागद, पैसे आणि तक्रार

रुग्णालयात दाखल असल्याच्या काळातले तुमचे कागद मागितल्यापासून ७२ तासांत मिळाले पाहिजेत, असा भारतीय वैद्यक परिषदेचा २००२ चा नियम आहे. शस्त्रक्रियेची नोंद, शक्य असेल तर तिचं चित्रीकरण आणि काढलेल्या भागाचा पॅथॉलॉजी अहवाल मागून घ्या. दुसऱ्या शस्त्रक्रियेची वेळ आलीच तर पहिल्या वेळी आत काय दिसलं हे कळणं सोन्याच्या मोलाचं असतं.

विम्याच्या बहुतेक पॉलिसींत गाठी आणि गर्भपिशवीच्या शस्त्रक्रियांसाठी प्रतीक्षा कालावधी असतो. ते पान आधी वाचा आणि निदान लपवू नका, दावा नाकारायला तेच कारण होतं. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत तुमची शस्त्रक्रिया बसते का, हे योजनेतल्या रुग्णालयात बसणाऱ्या आरोग्यमित्राला तारीख घेण्याआधी विचारा.

महाराष्ट्रात २०२१ च्या सुधारित नियमांनुसार खासगी रुग्णालयांनी रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावायची असते. हक्क डावलला गेला तर आधी रुग्णालयाकडे लेखी तक्रार करून पोच घ्या. मग महापालिकेच्या किंवा जिल्ह्याच्या आरोग्य अधिकाऱ्याकडे जा, डॉक्टरांच्या वर्तनाबद्दल महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे आणि भरपाईसाठी ग्राहक आयोगाकडे.

तुमचा नमुना

संशोधनासाठी अस्तराचा तुकडा, पाळीचं रक्त किंवा लाळ देताना संमतीपत्रात सहसा वेगवेगळे पर्याय असतात : याच अभ्यासासाठी वापरा, पुढच्या अभ्यासांसाठीही वापरा, पुढे वापरण्याआधी मला पुन्हा विचारा. शेवटचा पर्याय दिसला नाही तर मागा. नमुना कुठे ठेवणार, नाव काढून टाकणार का, परदेशी पाठवणार का, त्यात तुमच्या तब्येतीबद्दल काही महत्त्वाचं निघालं तर कळवणार का, हे त्याच वेळी विचारून घ्या. जनुकांची माहिती तुमच्या मुलीबद्दल आणि बहिणीबद्दलही काही सांगत असते, तेव्हा हा प्रश्न एकटीचा नसतो.

नमुना द्यायला जाताना शेवटच्या पाळीची तारीख आणि चालू असलेल्या गोळ्यांची पाकिटं सोबत न्या. अस्तरातली एन्झाइमं पाळीच्या दिवसांप्रमाणे आणि हॉर्मोनच्या औषधांनी बदलतात, त्यामुळे ही नोंद नसेल तर नमुन्याचा फारसा उपयोग होत नाही. आणि नमुना ‘शुद्ध’ मिळावा म्हणून चालू औषध थांबवायला सांगितलं तर तुमच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते थांबवू नका.